अठ्ठ्याण्णव मायक्रॉन

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी गाडी धुतली आणि मी ती पेट्रोल भरायला घेऊन गेले. पंपाच्या छताला पांढरे एलईडी दिवे होते. पैसे द्यायला खाली उतरले आणि बॉनेटकडे लक्ष गेलं. प्रत्येक दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा पसरल्या होत्या. दिवसा इमारतीच्या सावलीत या रेघा कधी नजरेत आल्या नव्हत्या. गाडी नुकतीच धुतलेली, त्यामुळे धूळ असेल असं म्हणण्यालाही जागा नव्हती.

ही गडद निळी मेटॅलिक गाडी बाबांनी २०१३ मध्ये घेतली, निवृत्तीच्या पैशांतून. घरातली पहिली गाडी. तेव्हापासून सकाळी साडेसहाला हातात पिवळं फडकं घेऊन खाली जायचं, गाडी टपापासून डिकीपर्यंत पुसायची आणि मगच चहा घ्यायचा, हा त्यांचा नेम. डोंबिवलीत आमची इमारत रेल्वेमार्गाला लागून आहे. गाडीची जागा उघड्यावर, एका बाजूला रुळांकडची भिंत आणि डोक्यावर जांभळाचं झाड. धुवायला बोअरचा नळ. या वर्षी गुडघ्यांनी साथ सोडल्यावर त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, ‘आता तुझी.’ तिचा रंग पुन्हा आणायचा, हे मी त्या पंपावरच ठरवलं.

याआधी एकदा, २०१८ मध्ये, आम्ही रस्त्यालगतच्या एका गॅरेजमध्ये ‘रबिंग-पॉलिश’ करून घेतलं होतं. दीड तासात काम झालं आणि गाडी आरशासारखी चमकत घरी आली. दोन-तीन वेळा धुतल्यावर मात्र उन्हात बॉनेटवर पट्टे दिसू लागले, तिरपं पाहिलं की हलणारे. त्याला होलोग्राम म्हणतात हे मला आता कळलं. जोरात फिरणाऱ्या रोटरी मशीनला खरखरीत लोकरी पॅड लावून घासलं आणि पुढचं फिनिशिंग केलंच नाही, की हे पट्टे राहतात. पहिले काही दिवस ते दिसले नाहीत, कारण कंपाउंडमधलं, म्हणजे घासायच्या पेस्टमधलं, तेल रेघांमध्ये भरून बसलं होतं. तेल धुऊन गेलं आणि खरं रूप वर आलं.

म्हणून यावेळी मी घाई केली नाही. कल्याण-शीळ रस्त्यावर एक छोटा डिटेलिंग स्टुडिओ मिळाला, म्हणजे गाडीची बारकाईने सफाई आणि पॉलिश करून देणारी जागा. चालवणारा तिशीतला मुलगा. मी दर विचारला तर म्हणाला, ‘ताई, आधी गाडी बघतो. बघितल्याशिवाय आकडा सांगत नाही.’ मला ते आवडलं. बाबाही सोबत आले होते.

त्याने शटर अर्धं खाली ओढलं आणि हातातला दिवा दरवाजाजवळ धरला. तेच जाळं. बाबा वाकून बघत होते. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, ‘हे माझ्याच हातचं आहे ना? मी गोल गोल पुसतो.’ त्या मुलाने दिवा हळूहळू उजवीकडे सरकवला, तसं जाळंही दिव्याबरोबर सरकलं. ‘काका, रेघा सगळ्या दिशांना आहेत. दिव्याच्या उजेडाला आडव्या पडणाऱ्या तेवढ्याच चमकतात, म्हणून गोल वाटतं. हात गोल फिरवा नाहीतर सरळ, फडक्याखाली धूळ असली की रेघ उठणारच.’ मग त्याने आमच्याकडची धूळ कशी असते ते सांगितलं. रस्त्याच्या कामांची वाळू, सिमेंट, आणि आम्ही वर्षातून दोनदा गुहागरला जातो तेव्हाची जांभ्याची लाल माती. कोरड्या फडक्याखाली ती पॉलिश पेपरसारखी काम करते. बाबा काही बोलले नाहीत. दहा वर्षं रोज सकाळी केलेली सेवा अशी उजेडात येणं सोपं नव्हतं. मला त्या क्षणी तो दिवा बंद करावासा वाटला.

त्यानंतर त्याने खिशातून पेंट थिकनेस गेज काढलं. काडेपेटीहून थोडं मोठं यंत्र, पत्र्याला टेकवलं की रंगाची एकूण जाडी मायक्रॉनमध्ये दाखवतं. हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर. कारखान्यातून आलेल्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरतात. त्यात पत्र्याला गंजापासून वाचवणारा थर, त्यावर प्रायमर, मग निळा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट, ज्याला आपले पेंटर लॅकर म्हणतात. हा क्लिअर कोट जेमतेम ४० मायक्रॉनच्या आसपास. डोक्याचा केस याहून जाड असतो. गाडीची चमक, खोली आणि उन्हापासूनचं संरक्षण हे सगळं एवढ्या थरात असतं. पॉलिश करणं म्हणजे रेघ भरून काढणं नाही. रेघेच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोट खाली आणायचा, मग रेघ उरत नाही. दरवेळी थोडं खर्च होतं, आणि खर्च झालेलं परत येत नाही.

तो एकेक आकडा वाचत गेला आणि मी वहीत लिहीत गेले. पुढचे दरवाजे ११२ ते ११८. उजवा फेंडर ११५. बॉनेटवर मध्यभागी ९८. तो तिथे थांबला, चार ठिकाणी पुन्हा मोजलं. ९७, ९८, ९९, ९८. ‘कारखान्यातच फरक असू शकतो,’ तो म्हणाला, ‘पण आधी कधी जोरात रबिंग झालंय का?’ मी २०१८ ची गोष्ट सांगितली. डाव्या मागच्या दरवाजावर २३६ आले, म्हणजे तो पुन्हा रंगवलेला. रिक्षाने घासला होता, ते आम्हाला माहीत होतं. पण त्याच्या मागे, चाकाच्या वर, आकडा एकदम ७४० झाला. ‘इथे लांबी भरलीय, पोचा बुजवायची पुट्टी.’ मी बाबांकडे पाहिलं. थोड्या वेळाने ते म्हणाले, ‘सोसायटीच्या गेटच्या खांबाला लागली होती. तुझ्या आईला सांगितलं नव्हतं.’ बंपर प्लास्टिकचे असल्यामुळे या गेजवर तिथे काहीच येत नाही, ते अंदाजानेच सांभाळावे लागतात.

टपावर वाईट बातमी होती. मध्यभागी तळहाताएवढा पांढुरका ढग, कडेला पापुद्रा सुटलेला. मी त्याला पाण्याचे डाग समजत होते. क्लिअर कोट उन्हाने मेला होता. तिथे पॉलिशचा काही उपयोग नाही, कारण घासायला वरचा थरच शिल्लक नसतो, आणि कोटिंग, म्हणजे पॉलिशनंतर चढवायचा पातळ संरक्षक थर, लावलं तर खालचा पापुद्रा कोटिंगसकट निघून येतो. टप रंगवणं हाच उपाय. त्याने एक पेंटर सुचवला आणि बजावलं, ‘रंग झाला की महिनाभर थांबून या. ताज्या रंगातून सॉल्व्हंट बाहेर पडत असतं, त्यावर झाकण घालायचं नाही.’ म्हणजे दिवाळीत चकचकीत गाडी घेऊन गावी जायचा बेत गेला. त्याला लगेच काम घेऊन पैसे करता आले असते. त्याने घेतलं नाही, यावरून माझा विश्वास बसला.

टपाला सात हजार रुपये लागले. मग डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तीन दिवस सुट्टी टाकून मी गाडी स्टुडिओत नेली. मला सगळं बघायचं होतं आणि त्याची हरकत नव्हती.

पहिला अख्खा दिवस नुसतं धुण्यात गेला. आधी प्रेशरने सुटी धूळ उडवली, मग दाट फेस मारून पाच मिनिटं निथळू दिला, आणि त्यानंतरच हात लागला, तोही मऊ मायक्रोफायबरच्या मोज्याने. दोन बादल्या. एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मोजा गाडीवर फिरला की आधी साध्या पाण्यात खळबळायचा, मग शाम्पूत बुडवायचा. संध्याकाळी दुसऱ्या बादलीच्या तळाशी साचलेला गाळ मी हाताने चाचपून पाहिला, चक्क रेती होती.

मग लोहकण काढायचं द्रावण फवारलं. सडक्या अंड्यांसारखा वास सुटला आणि दोन मिनिटांत डिकीवर, बॉनेटवर, चाकांवर जांभळे ओघळ वाहू लागले. रेल्वेची चाकं आणि रूळ एकमेकांवर घासून, ब्रेक लागून जे बारीक लोखंड उडतं, ते गाडीवर बसून गंजतं आणि लॅकरमध्ये रुततं. द्रावणातलं रसायन लोखंडाला भेटलं की जांभळं होतं. आमच्या भिंतीपलीकडून दर काही मिनिटांनी लोकल जाते. महिन्यापूर्वीच रंगवलेल्या टपावरसुद्धा तुरळक जांभळे ठिपके उमटले होते. ते पाहून मी वर्षांचा हिशेब मनातल्या मनात केला.

त्याने मला एक साधी परीक्षा शिकवली. बोटांवर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवायची आणि ओल्या पत्र्यावरून फिरवायची. उघड्या हाताला गुळगुळीत वाटलेला दरवाजा पिशवीतून रवाळ लागला. मग क्ले बार आला. मातीच्या गोळ्यासारखा मऊ, घसरणाऱ्या द्रवावरून हलक्या हाताने फिरवायचा, मळला की घडी घालून आतली स्वच्छ बाजू वर काढायची. एकदा तो हातातून फरशीवर पडला, त्याने लगेच कचऱ्यात टाकला. नवा होता, तरी. तासाभराने पुन्हा पिशवी फिरवली, तेव्हा बोटं काचेवरून जावीत तशी गेली.

बोअरच्या पाण्याचे पांढरे गोल डाग मात्र राहिलेच होते. पाणी उडून जातं, त्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियमचा क्षार पत्र्यावर राहतो. वरवरचा क्षार सौम्य आम्लाच्या द्रावणाने सुटला. जो लॅकर खाऊन आत गेला होता, त्याला पॉलिशवाचून इलाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रबर, प्लास्टिकच्या पट्ट्या, दिव्यांच्या कडा आणि पत्र्याच्या धारा यांवर टेप लागला. धारांवर रंग सगळ्यात पातळ असतो, मशीनने सगळ्यात आधी तिथेच पत्रा उघडा पडतो. मग दरवाजावर हातभर चौकोन आखला. याला टेस्ट स्पॉट म्हणतात. सगळ्यात सौम्य जोडीपासून सुरुवात करायची, मऊ पॅड आणि बारीक पॉलिश, आणि जमत नसेल तरच एक पायरी वर जायचं. पहिल्या जोडीने जेमतेम तिसरा हिस्सा जाळं गेलं. दुसरी जोडी, मध्यम फोम पॅड आणि मध्यम कंपाउंड, त्याने बरंचसं साफ झालं. त्यापुढे तो गेला नाही. ‘शंभरातल्या नव्वद रेघा गेल्या. उरलेल्या दहांसाठी लॅकर घालवायचा नाही. या गाडीला अजून दहा वर्षं काढायचीत.’

प्रत्येक टप्प्यानंतर तो आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फवारा मारून पत्रा पुसायचा आणि मगच दिवा धरायचा. पॉलिशचं तेल पुसल्यावर जे दिसतं त्यावरच निर्णय. २०१८ मध्ये आमच्यासमोर कोणी एवढंच केलं असतं तर?

मशीन ड्युअल ॲक्शन होतं. पॅड स्वतःभोवती फिरतो आणि त्याच वेळी झोके घेतो, त्यामुळे एका जागी उष्णता साचत नाही. त्याने मलाही उजव्या दरवाजाचा खालचा भाग करू दिला. मला वाटलं होतं जोर लावायचा असतो. पॅडच्या मागच्या चकतीवर त्याने मार्करने एक काळी रेघ ओढली होती. मी दाबलं की ती रेघ फिरायची थांबायची, नुसती थरथरायची, म्हणजे पॅड कापत नाहीये. मशीनचं वजन मशीनला पेलू द्यायचं आणि हात गोगलगायीच्या चालीने न्यायचा, आधी आडवा, मग उभा, चार फेऱ्या. अर्ध्या तासात खांदे भरून आले. तो हे काम सलग आठ तास करत होता, आणि दर पॅनेलनंतर हवेचा फवारा मारून पॅडमधली पांढरी भुकटी उडवत होता.

बॉनेटची पाळी दुपारी आली. ९८ चा आकडा वहीत लाल शाईने गोल केलेला होता. तिथे त्याने मध्यम कंपाउंडच्या फक्त दोन फेऱ्या मारल्या आणि फिनिशिंगवर गेला. पुन्हा मोजलं तर ९५ ते ९७. या गेजची चूकच दोन-तीन मायक्रॉनची असते, तेव्हा नेमकं किती गेलं हे सांगता येत नाही, पण जास्त नक्कीच गेलं नव्हतं. कबुतराच्या विष्ठेने खाल्लेला एक डाग फिकट का होईना राहिला. महामार्गावर डंपरच्या मागे उडालेल्या खडीचे टवके पुढच्या धारेवर होते, ते टचअपच्या ब्रशने थेंब थेंब भरले. डाव्या दरवाजावर कोणीतरी किल्लीने ओढलेली रेघ नखाला अडकत होती. नखाला अडकणारी रेघ पॉलिशने जात नाही, तिच्या कडा बोथट होतात आणि ती कमी बोचते, एवढंच.

संध्याकाळी बाबा आले. टेप निघाला होता, दिवे लागले होते. निळ्या रंगात मेटॅलिकचे कण वेगवेगळे दिसत होते, खोल पाण्यात चमकावेत तसे. बाबा डाव्या दरवाजासमोर बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, ‘शोरूममधून काढली तेव्हा अशीच होती.’ मी एवढंच लिहिते, त्यांचा आवाज मला अजून ऐकू येतो. अजून कोटिंगचा एक थेंबही लागलेला नव्हता. हे सांगणं मला महत्त्वाचं वाटतं, कारण कोटिंगचे फोटो म्हणून जे लोकांना दाखवतात, ती झळाळी पॉलिशची असते.

कोटिंग तिसऱ्या दिवशी. तीस मिलिलिटरची काचेची बाटली, एवढीशी. आत सिलिकावर आधारलेलं द्रव, हवेतल्या आर्द्रतेशी संयोग होऊन घट्ट होतं आणि लॅकरला चिकटतं. सुकल्यावर थर एक-दोन मायक्रॉनचा. हातमोजे, तोंडाला मास्क, शटर बंद, फरशीवर पाणी शिंपडून धूळ बसवलेली. स्पंजच्या ठोकळ्याला मऊ कापड गुंडाळून त्यावर सात-आठ थेंब, आणि हातभर चौकोनात आडवं-उभं फिरवायचं. पृष्ठभागावर तेलाच्या तवंगासारखे इंद्रधनुषी रंग उमटतात. ते उमटून विरायला लागले की पुसायचं. लवकर पुसलं तर कोटिंग निघून येतं, उशीर झाला तर जागच्या जागी कडक होऊन डाग राहतो. दमट हवेत हा वेळ कमी होतो, म्हणून पावसाळ्यात तो एका वेळी लहान चौकोन घेतो. एक फडकं उचलायला, दुसरं साफ करायला. टपापासून सुरू करून खालपर्यंत जायला दुपार झाली. दोन तासांनी दुसरा थर, मग प्रत्येक पॅनेलसमोर इन्फ्रारेड दिवा.

बाटलीवर ९एच लिहिलेलं होतं. ही पेन्सिलच्या कडकपणाची मोजणी आहे, ६बी पासून ९एच पर्यंतच्या पेन्सिली ठरावीक दाबाने ओढून बघतात. त्याचा अर्थ खडी लागून टवका उडणार नाही असा नाही, किल्लीची रेघही पडणारच. त्यासाठी जाड पारदर्शक फिल्म असते, पीपीएफ, आणि तिचा खर्च कितीतरी जास्त. कोटिंगने घाण कमी चिकटते, पाणी निसटतं, विष्ठा आणि जांभळं लॅकरपर्यंत पोचायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात धुवावी मात्र लागतेच. हे सगळं त्याने पैसे घेण्याआधी सांगितलं. अठरा हजार आणि वर जीएसटी, २१,२४० रुपये. चोवीस तास पाण्याचा थेंब नको आणि सात दिवस शाम्पू नको.

चौथ्या दिवशी सकाळी बाबा खालून वर आले आणि म्हणाले, ‘मागच्या दरवाजावर हात फिरवल्यासारखा काळपट डाग आहे.’ मला दिसेना. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांची नजर माझ्याहून चांगली आहे. कोवळ्या तिरप्या उन्हात त्यांनी मान कशी वाकवायची ते दाखवलं तेव्हा दिसला. हाय स्पॉट, पुसायचा राहिलेला कोटिंगचा ओघळ. फोटो पाठवला. तो मुलगा त्याच संध्याकाळी मशीन घेऊन घरी आला, तेवढी जागा पॉलिश करून पुन्हा कोटिंग लावून गेला. कडक झालेला थर पुसून निघत नाही, पॉलिशने घासूनच काढावा लागतो.

बाबांचा नेम बदलणं हे मला सगळ्यात कठीण वाटलं होतं. ‘रोज पुसू नका’ हे वाक्य मी दोन दिवस तोंडात घोळवत होते. बोलायची वेळच आली नाही. पिवळं फडकं त्यांनी स्वतःच बाल्कनीत सायकल पुसायला ठेवलं. आता आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत, घरातल्या नळाच्या पाण्याच्या दोन बादल्या लिफ्टने खाली जातात. बोअरचं पाणी आता चालत नाही, कारण कोटिंगवर थेंब गोल उभे राहतात आणि तसेच सुकले तर क्षाराचं कडं पूर्वीपेक्षा ठळक उठतं. म्हणून धुतल्या धुतल्या जाड टॉवेल पसरायचा आणि घासायचं नाही, नुसता ओढायचा. मधल्या दिवसांत धूळ बसू देतात. ते त्यांना जड जातं, मला दिसतं. सकाळी साडेसहाला अजूनही खाली जातात, गाडीभोवती एक फेरी मारतात, हात पाठीमागे बांधलेले.

गेल्या महिन्यात गुहागरला गेलो. चिपळूण सोडल्यावर पुढे रस्त्याचं काम चालू होतं, अंगणात पोचलो तेव्हा गाडी काचेपर्यंत लाल झालेली. काका कौतुकाने ओला पंचा घेऊन धावत आले, बॉनेट पुसून द्यायला. बाबा गुडघे धरत खाली उतरले, त्यांचा हात मधल्यामध्ये धरला आणि म्हणाले, ‘थांब. आधी पाणी ओत.’ विहिरीवरून कळशी आली. बाबांनी ती स्वतः टपावर धरली, आणि लाल पाणी दरवाजांवरून ओघळत अंगणात उतरेपर्यंत आम्ही तिघंही तिथेच उभे होतो.